यात्रेचा क्रम आणि गावाचा वाटा

अष्टविनायकांपैकी मोरगाव, थेऊर, रांजणगाव, ओझर आणि लेण्याद्री ही पाच स्थाने पुणे जिल्ह्यात, पाली व महड ही दोन रायगड जिल्ह्यात आणि सिद्धटेक हे अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. तीन जिल्ह्यांत विखुरलेली ही आठ गावे एकाच प्रवासात जोडली गेली असल्यामुळे पर्यटनाचे नियोजक त्यांच्याकडे एक समूह म्हणून पाहतात. एकाच परिसरात नांदणाऱ्या उद्योगांना परस्परांच्या सान्निध्याचा जो लाभ मिळतो आणि ज्याची किंमत कोणी कोणाला चुकती करीत नाही, त्याचे विवेचन आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० साली आपल्या अर्थशास्त्रावरील ग्रंथात केले होते. अष्टविनायकांना हे विवेचन नेमके लागू पडते, कारण भीमेकाठच्या आडवळणी सिद्धटेकला येणाऱ्यांपैकी अनेकजण तेथे येतात ते सात स्थानांवर यात्रा थांबवता येत नाही म्हणून.

येथेच तत्त्वज्ञानाचा प्रश्न उभा राहतो. प्रत्येक स्थानीची मूर्ती स्वयंभू, म्हणजे कोणी न घडवता आपोआप प्रकटलेली मानली जाते आणि देवता प्रत्येक ठिकाणी पूर्णांशाने वसते अशी श्रद्धा आहे. मग एका स्थानाच्या दर्शनाने जे लाभते त्यासाठी आठ गावे का फिरावीत? याचे समाधानकारक उत्तर असे की, आठ ही संख्या देवतेतील उणीव भरून काढण्यासाठी नसून यात्रिकाने स्वतःवर घालून घेतलेल्या नियमाची आहे. हा नियम भक्ताला सोयीच्या देवळापाशी थांबू देत नाही, आणि त्यामुळेच ज्या गावाकडे व्यापाराच्या हिशेबाने कोणी फिरकले नसते तेथेही त्याला जावे लागते. धर्माच्या नियमातून झालेली ही संपत्तीची वाटणी आहे, आणि तिचे महत्त्व नियोजनाच्या कागदपत्रांत फार कमी ओळखले जाते.

परंपरेने सांगितलेला क्रम मोरगावपासून सुरू होतो, सिद्धटेक, पाली, महड, थेऊर, लेण्याद्री, ओझर, रांजणगाव असा जातो आणि पुन्हा मोरगावी येऊन संपतो. नकाशावर हा क्रम गैरसोयीचा दिसतो, म्हणून पुण्या-मुंबईहून निघणाऱ्या बहुतेक सहली रस्त्यांच्या सोयीने तो बदलून दोन दिवस आणि एका मुक्कामात आठही दर्शने उरकतात. वास्तविक मोरगावी कऱ्हेचे स्नान, आधी नग्नभैरवाचे दर्शन आणि मग मयूरेश्वराचे, तर सिद्धटेकला टेकडीसह प्रदक्षिणा, अशा प्रत्येक विधीला वेळ लागतो, आणि यात्रिकाचा वेळ जेथे जातो तेथेच त्याचे जेवण, निवारा आणि खरेदी होते. बस तासाभरात पुढे निघाली की गावाच्या हाती हार, दूर्वा, नारळ, पेढे आणि चहाचे पैसे तेवढे उरतात. प्रवासाचे भाडे शहरात आणि जेवणाचे बिल महामार्गावर भरलेले असते. स्थळामुळे निर्माण झालेले उत्पन्न स्थळाबाहेर निघून जाण्याला अर्थशास्त्रात गळती म्हणतात. लेण्याद्रीला ही गळती थोडी अडते, कारण गिरिजात्मजाच्या गुंफेपर्यंतच्या तीनशेच्या आसपास पायऱ्या कोणत्याही सहलीला टाळता येत नाहीत, आणि ज्यांना त्या चढवत नाहीत त्यांना खांद्यावरून वर नेणारे डोलीवाले तेथे पोट भरतात.

विधी आखडल्याने यात्रेचे फळ कमी होते का, याविषयी मीमांसकांनी, म्हणजे वैदिक कर्माच्या अर्थाचा शास्त्रशुद्ध विचार करणाऱ्यांनी, एक भेद सांगितला आहे. नित्य, म्हणजे कर्तव्य म्हणून करावयाचे कर्म यथाशक्ती केले आणि त्याची काही अंगे राहिली तरी चालते. परंतु काम्य, म्हणजे विशिष्ट फळाच्या इच्छेने केलेले कर्म सर्व अंगांसह पूर्ण करावे लागते. हा भेद यात्रेला लावला, तर नवसाची यात्रा घाईने उरकणे हे केवळ भक्तीच्या दृष्टीनेच नव्हे, तर नवस बोलणाऱ्याच्या स्वतःच्या हेतूच्या दृष्टीनेही विसंगत ठरते. मात्र महाभारताच्या वनपर्वात तीर्थयात्रेची थोरवी सांगताना, यज्ञाचा खर्च न झेपणाऱ्या दरिद्री माणसालाही ती करता येते हे कारण दिले आहे, आणि ते विसरता येणार नाही. दोन दिवसांची रजा आणि जेमतेम साठवलेले पैसे घेऊन निघालेल्या कुटुंबाला, किंवा एरवी घराबाहेर न पडलेल्या वृद्धेला, बसने जी वाट मोकळी केली ती बंद करण्याचा अधिकार शुद्ध विधीच्या आग्रहाला नाही. दोष यात्रिकाच्या घाईपेक्षा त्या घाईलाच एकमेव सोय बनवणाऱ्या व्यवस्थेचा आहे, कारण रुंद रस्ते आणि वाहनतळ बांधले जातात तेव्हा वाढते ते येणाऱ्यांचे प्रमाण. त्यांचे थांबणे त्याने वाढत नाही.

चिंचवडहून भाद्रपदात आणि माघात मोरगावी जाणारी मोरया गोसावींची पालखी वाटेत मुक्काम करीत जाते, आणि यात्रा व गाव यांचे नाते तेथे अजून दिसते. मोरगाव आणि सिद्धटेक ही परंपरागत क्रमातील पहिली दोन स्थाने चिंचवड देवस्थानच्याच व्यवस्थेखाली आहेत. या दोन्ही ठिकाणी गावकऱ्यांच्या घरांतून स्वस्त निवास आणि जेवणाची सोय वाढली, आणि सहलींनी निदान आरंभ तरी मोरगावाहून करून पहिली रात्र सिद्धटेकला काढली, तर विधीचा मोठा भाग परत येईल, आणि शहरात जमा होणाऱ्या पैशातला काही भाग भीमेकाठच्या चुलींपर्यंत पोचेल.