हन्नाचे अश्रू

प्रस्तावना



२६ जुलै रोजी ख्रिस्तसभा पवित्र मरियेचे आईवडील संत ज्वाकीम व संत आन्ना यांचे स्मरण करते. बायबलमध्ये त्यांची नावे येत नाहीत. परंतु प्राचीन परंपरा सांगते की, या दाम्पत्याला बरीच वर्षे मूलबाळ नव्हते. आपल्या धर्मग्रामातही अशी कुटुंबे आहेत. मिस्सा संपल्यावर एखादी बहीण मागे थांबते, मरियामातेच्या पुतळ्याजवळ मेणबत्ती लावते आणि न बोलता निघून जाते. आजचे हे चिंतन तिच्यासाठी, तिच्या पतीसाठी आणि तिला नावे ठेवणाऱ्या आपल्या सर्वांसाठी आहे.

सम्यक विवरण (१ शमुवेल, अध्याय १)

एलकानाला दोन बायका होत्या. पनिन्नाला मुले होती, हन्नाला नव्हती. दरवर्षी शिलोच्या मंदिरात गेल्यावर पनिन्ना तिला टोचून बोलत असे. हन्ना जेवत नसे, रडत असे. एकदा ती मनातल्या मनात प्रार्थना करीत असताना एली याजकाला वाटले, ही बाई दारू प्यायली आहे. तिने नम्रपणे आपले दुःख सांगितले, तेव्हा कुठे त्याने तिला आशीर्वाद दिला. येथे घरच्यांनी तिला दुखावले आणि याजकानेही ओळखण्यात चूक केली. परमेश्वराने मात्र तिचे ऐकले. मूल नसणे ही शिक्षा आहे, असे हा उतारा कोठेही म्हणत नाही.

मनन-चिंतन

आपल्या अक्कलकुवा तालुक्यात, सातपुड्याच्या पाड्यापाड्यांवर, लग्नाला दोन-तीन वर्षे झाली आणि पाळणा हलला नाही की बोट सुनेकडे जाते. तिला वांझ म्हणतात. कोणी भगताकडे नेतात, कोंबडा-बकरा मागितला जातो, गंडेदोरे होतात. कधी नवऱ्याला दुसरी बायको करण्याचा सल्ला मिळतो. कधी शेजारच्या एखाद्या म्हातारीला डाकीण ठरवून तिच्यावर दोष टाकला जातो. बंधू-भगिनींनो, हे पाप आहे, आणि २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हाही आहे. दैवी शक्तीने मूल देतो असे सांगून स्त्रीचा गैरफायदा घेणाऱ्यालाही तो कायदा शिक्षा देतो.

परमेश्वराने आपले शरीर कसे घडविले, हे समजून घेणे हीसुद्धा एक प्रार्थनाच आहे. स्त्रीच्या अंडाशयातून साधारणपणे महिन्यातून एकदा एक बीज बाहेर पडते, बहुधा पुढील पाळीच्या सुमारे १४ दिवस आधी. ते जेमतेम एक दिवस जिवंत राहते. पुरुषाचे शुक्रजंतू मात्र स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत टिकू शकतात. म्हणून गर्भ राहण्यास योग्य दिवस महिन्यात सहाच्या आसपास असतात. बीज आणि शुक्रजंतू यांची भेट गर्भनलिकेत होते आणि सुमारे आठवड्याभराने तो इवलासा जीव गर्भाशयात रुजतो. ऑस्ट्रेलियातील बिलिंग्ज या डॉक्टर दाम्पत्याने विकसित केलेली नैसर्गिक पद्धत हेच योग्य दिवस ओळखायला शिकवते. ती मूल हवे असणाऱ्यांनाही उपयोगी पडते.

आता कारणे पाहू. दोष नेहमी स्त्रीचाच, हे खोटे आहे. ज्या दाम्पत्यांना मूल होत नाही, त्यांच्यात पुरुषाकडील कारणे जवळजवळ तितकीच आढळतात. कधी दोघांकडे काही ना काही असते, कधी कारण सापडतच नाही. शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात; तंबाखू, दारू आणि अतिउष्णता त्यांना मारक ठरते. पुरुषाची वीर्यतपासणी साधी आणि स्वस्त आहे, तिला ना कापाकापी लागते ना भूल. तरीही आपण आधी बाईलाच गावोगाव फिरवतो! पतींनो, पहिली तपासणी तुमची होऊ द्या. त्यात तुमची मर्दानगी कमी होत नाही. पत्नीवरचे तुमचे प्रेम दिसते.

स्त्रियांमध्ये बीज वेळेवर न सुटणे, थायरॉईडचा विकार, बाळंतपणानंतर वा गर्भपातानंतर उपचार न झालेला जंतुसंसर्ग, गर्भनलिका बंद होणे अशी कारणे असतात. आपल्या देशात एक कारण विशेष लक्षात ठेवावे: क्षयरोग. खोकला नसतानाही क्षयाचे जंतू रक्तातून गर्भनलिकेपर्यंत पोहोचतात आणि ती बंद करतात. क्षयाची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. ऊसतोडीसाठी गुजरातेत गेल्यावर मात्र ती मध्येच सुटतात, असे होऊ देऊ नका. एक वर्ष प्रयत्न करूनही गर्भ राहिला नाही, किंवा पत्नीचे वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांनी, दोघांनी मिळून ग्रामीण रुग्णालयात किंवा नंदुरबारच्या जिल्हा रुग्णालयात जावे.

यानंतर प्रश्न येतो टेस्ट ट्यूब बेबीचा. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून अशा पद्धतीने मुलगी जन्मली. त्याआधी १९७८ साली कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी हे साध्य केले होते. त्यांना मान मात्र मरणोत्तर मिळाला. ख्रिस्तसभा विज्ञानाची शत्रू नाही. औषधांनी बीज सुटण्यास मदत करणे, शस्त्रक्रियेने नलिका मोकळी करणे, क्षय बरा करणे, हे सर्व ती आनंदाने मान्य करते. परंतु १९८७ च्या ‘दोनुम विते’ या शिकवणुकीत तिने सांगितले की, मूल हे पतिपत्नीच्या प्रेममिलनाचे फळ असावे, प्रयोगशाळेत बनविलेली वस्तू नसावी. या पद्धतीत अनेकदा जास्त भ्रूण तयार केले जातात. काही गोठवले जातात, काही टाकून दिले जातात. परक्याचे बीज किंवा भाड्याचे गर्भाशय ख्रिस्तसभेला मान्य नाही. मूल हा आपला हक्क नसून देवाची देणगी आहे.

तरी एक गोष्ट स्पष्ट असू द्या. ज्यांनी हा मार्ग घेतला त्यांच्याकडे बोट दाखविण्याचा अधिकार आपल्याला नाही. आणि असे जन्मलेले बाळ परमेश्वराचेच लेकरू आहे. त्याच्या स्नानसंस्काराला आपण तितक्याच आनंदाने टाळ्या वाजवू.

सर्व उपचार करूनही कूस रिकामी राहिली तर? संत जोसेफ येशूचे पालक पिता होते, तरी येशू ‘सुताराचा मुलगा’ म्हणूनच ओळखला गेला. पूर्वी आपल्या देशात ख्रिस्ती दाम्पत्याला कायद्याने केवळ पालकत्व मिळत असे. बाल न्याय कायदा, २००० आणि त्याच्या २००६ च्या दुरुस्तीने पूर्ण दत्तक घेण्याची वाट सर्व धर्मीयांना खुली झाली. सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश जिल्हाधिकारी देतात. नोंदणी ‘कारा’ या केंद्रीय प्राधिकरणाकडे होते. माहितीसाठी जिल्हा बाल संरक्षण कक्षात जावे. कोणाकडून पैसे देऊन परस्पर बाळ घेऊ नये, तो गुन्हा आहे.

आणि ज्यांच्या घरी दत्तक मूलही येणार नाही, त्यांचे लग्न अपुरे नाही. विवाह संस्कार मुलांवर नव्हे, दोघांनी दिलेल्या वचनावर उभा असतो. या आठवड्यात अशा एका घरी जाऊ या. सल्ला द्यायला नको, फक्त चहा प्यायला.

विश्वासू लोकांच्या प्रार्थना

प्रतिसाद : हे प्रभो, आमची प्रार्थना ऐकून घे.

१. ज्या दाम्पत्यांना अपत्याची ओढ आहे, त्यांना धीर, योग्य उपचार आणि एकमेकांची साथ लाभावी म्हणून आपण प्रार्थना करू या.

२. आपल्या पाड्यांवर कोणत्याही स्त्रीला वांझ किंवा डाकीण म्हणून हिणवले जाऊ नये म्हणून आपण प्रार्थना करू या.

३. डॉक्टर, परिचारिका व आशा कार्यकर्त्या यांना परमेश्वराने कृपेचे हात द्यावेत म्हणून आपण प्रार्थना करू या.

४. आईवडिलांविना वाढणाऱ्या मुलांना प्रेमाचे घर मिळावे म्हणून आपण प्रार्थना करू या.

आमेन.