दगडाचं नाव, दगडाचं गाव

दिवसाची कामं उरकली की संध्याकाळी बसा. खनिजांचं पुस्तक जवळ असू द्या, पण मिटलेलं. त्याची पाळी नंतर येणार आहे.

आधी एक दगड हवा. तुळजापूर तालुक्यातल्या आपल्या अणदूरच्या शिवारात कुठे नवी विहीर झाली असेल, तर तिच्या काठावर काळ्या दगडाचा आणि मुरमाचा ढीग पडलेला असतो. शेतमालकाला विचारून त्यातला वरवरचा एक दगड उचला. विहिरीत उतरू नका, सुरुंगाचं काम चालू असेल तर जवळही जाऊ नका. मुठीत मावणारा, अंगावर पांढरे ठिपके असलेला किंवा एखादी लहानशी पोकळी असलेला दगड पुरे.

तो तळहातावर ठेवा आणि डोळे मिटा. काळ्या दगडात दिवसाचं ऊन अजून मुरलेलं असेल. ते हाताला लागू द्या. मग वजन. घाई करू नका. नळदुर्गच्या तटाला हाच पाषाण आहे. किल्ल्यात बोरी नदी अडवणारा पाणीमहाल याचाच आहे. घराचं जोतं, जातं, पाटा-वरवंटा, सगळं यातलंच. हाताची त्याच्याशी पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख आहे. डोळ्यांनी मात्र आपण त्याच्याकडे फारसं पाहिलेलं नाही.

आता डोळे उघडा. पोकळीच्या कडेवरून नजर हळूहळू आत न्या. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी या पठारावर लाव्हा पसरत गेला, थरावर थर साचले. थराच्या वरच्या अंगाला वायूचे बुडबुडे होते. ते सुटून जाण्याआधीच लाव्हा थिजला. बुडबुडे गेले, त्यांच्या जागा राहिल्या. पुढे त्या जागांमध्ये ऊन पाणी झिरपलं आणि पाण्यात विरघळलेलं द्रव्य कणाकणाने भिंतींना धरत गेलं. म्हणजे तुम्ही पाहता आहात ती एका बुडबुड्याची जागा आहे, आणि ती भरायला निसर्गाने घाई केलेली नाही. इथे थोडं थांबा. श्वास संथ होऊ द्या.

मग आकार पाहा. नाव ओठांवर आलं तरी उच्चारू नका, फक्त आकार. सुयांचा झुबका दिसतो का? भिंतीला चिकटलेले, खडीसाखरेसारखे पैलू आहेत का? की मध्ये आवळलेलं आणि दोन्ही टोकांना फाकलेलं काही आहे, कडब्याच्या पेंढीसारखं? ज्याने पेंढ्या बांधल्या आहेत त्याला हा आकार कुणी दाखवून द्यावा लागत नाही.

आता पुस्तक उघडा.

घरात किंवा गावच्या वाचनालयात मराठी विश्वकोश असेल तर त्यापासून सुरुवात करा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये आला. त्यातल्या खनिजांच्या नोंदी कोरड्या वाटतात, पण त्यांतले शब्द मला फार जवळचे आहेत: कठिनता, चमक, पाटन, कस. एकेक शब्द वाचा आणि दगडाकडे परत या. कठिनता म्हणजे कोण कुणावर ओरखडा काढतो ते. जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीड्रिख मोस याने १८१२ मध्ये दहा खनिजांची उतरंड लावली. तळाशी शंखजिरे, सातव्या पायरीवर क्वार्ट्‌झ म्हणजे आपली गार, वर पुष्कराज, कुरुविंद आणि शेवटी हिरा. गार काचेवर ओरखडा काढते. पेंढीच्या आकाराचं खनिज साडेतीन ते चारच्या आसपास असतं, चाकूपुढे नमतं. पाहायचंच असेल तर फुटक्या बाजूवर पाहा, स्फटिकाच्या अंगावर नको. ओरखडा पुसता येत नाही. पाटन म्हणजे खनिज ज्या पातळीत सहज सुटतं ती त्याची वाट. कस म्हणजे खरबरीत पांढऱ्या फरशीवर घासल्यावर उमटणारी रेघ. सोनाराच्या कसोटीवरचाच हा शब्द.

पेंढीच्या चित्राशी दगड जुळला तर नाव मिळेल: स्टिल्बाइट. सुयांचा झुबका असेल तर बहुधा स्कोलेसाइट किंवा मेसोलाइट. ही सगळी झिओलाइट कुळातली. ॲक्सेल क्रोनस्टेट या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५६ मध्ये असलं एक खनिज तापवलं, तर त्यातून वाफ निघाली आणि ते फसफसलं. त्यावरून ग्रीक शब्द जोडून त्याने नाव दिलं, त्याचा अर्थ उकळणारा दगड. या स्फटिकांच्या आत अतिसूक्ष्म वाटा असतात आणि त्या वाटांमध्ये पाणी असतं. तापवलं की ते निघून जातं. बरेच झिओलाइट निवल्यावर हवेतून ते परत घेतात.

पाण्यासाठी विहीर खोदली, आणि तिच्या ढिगातल्या या कणातही पाणी आहे. आपल्या भागात हे वाक्य सहज वाचून पुढे जाता येणार नाही. मनात जितका वेळ राहील तितका राहू द्या.

असले खडे अंगठीत बसत नाहीत. मऊ आहेत, पाटनाच्या वाटेने फुटतात. म्हणून रत्नांच्या जुन्या पोथ्यांमध्ये ते सापडणार नाहीत. तरीही त्या पोथ्यांकडे एकदा वळायला हवं, कारण त्यातली एक आपल्या शेजारची आहे. महामार्गाने हैदराबादच्या दिशेला उमरगा ओलांडलं की बसवकल्याण फार लांब राहत नाही. तिथे, कल्याणीच्या चालुक्यांच्या राजधानीत, राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ रचला. राजाने जाणायच्या गोष्टींचा हा कोश, आणि त्यात खजिन्यातल्या रत्नांची परीक्षाही आहे. त्याच्या कितीतरी आधी, सहाव्या शतकात, वराहमिहिराने बृहत्संहितेत हिऱ्यांचे रंग त्यांच्या ठिकाणांनुसार सांगितले: वेणेच्या काठचा, कोसलचा, सौराष्ट्राचा, शूर्पारकाचा. आपल्या रत्नपरीक्षेत ‘आकर’ म्हणजे रत्न निघालं ती जागा हा एक स्वतंत्र विचार आहे. खड्याचं फळ आणि ग्रह आज बाजूला ठेवू. आकर हा शब्द तेवढा उचलून घ्या.

नव्या माणसाला आपण विचारतो, नाव काय आणि गाव कुठलं. पुस्तक दगडाचं नाव सांगतं. गाव पुस्तकाला सांगता येत नाही. ते उचलणाऱ्यालाच ठाऊक असतं, आणि त्याने लिहिलं नाही तर कायमचं जातं. दख्खनचे स्फटिक शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच जगभरच्या संग्रहांत पोचले, पण जुन्या चिठ्ठ्यांवर पुष्कळदा ‘पूना’ एवढंच आहे. कुठली खाण, कुठली विहीर, किती खोल, काहीच नाही. इतके सुंदर दगड, आणि गाव नसलेले. याचं मला खरोखर वाईट वाटतं. उलट वाघोली पाहा. तिथल्या खाणीतल्या निळ्या कॅव्हान्साइटबरोबर त्या गावाचं नाव चिठ्ठीवर नीट गेलं, म्हणून जगातल्या कुठल्याही जाणत्या संग्राहकाला ते ओळखीचं आहे. १९७४ मध्ये भूशास्त्रज्ञ सुखेसवाला आणि सहकाऱ्यांनी पश्चिम भारतातल्या झिओलाइटांवर लिहिलं. २००३ मध्ये बेर्टोल्ड ओटेन्स या जर्मन अभ्यासकाने ‘मिनरॉलॉजिकल रेकॉर्ड’ या नियतकालिकात दख्खनवर लिहिलं. अशा लिखाणाचा आधार शेवटी अशा चिठ्ठ्याच असतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात गेलात तर स्फटिकाइतकंच त्याच्या पाटीवरचं ठिकाणही वाचा.

गाव लिहून ठेवण्याचं मोल अणदूरच्या माणसाला समजावायला नकोच. इथला खंडोबा सव्वादहा महिने अणदुरात आणि पावणेदोन महिने नळदुर्गजवळ मैलारपुरात असतो, आणि देव एका गावातून दुसऱ्या गावी निघतो तेव्हा दोन्ही गावांच्या मानकऱ्यांमध्ये तसं लेखी होतं.

दगड पुन्हा हातात घ्या. तो आता निवला असेल. एक कागद कापा आणि शाईच्या पेनाऐवजी पेन्सिलीने लिहा, शाई ओलीने पसरते. अणदूर, तालुका तुळजापूर, जिल्हा धाराशिव. विहिरीचा ढीग. कुठल्या शिवारातली, साधारण किती परस खोल, शेतमालकाला विचारून. आजची तारीख. खनिजाच्या नावाची खात्री नसेल तर तेवढी जागा कोरी राहू द्या, पुढे कुणी जाणता भरेल. चिठ्ठी आणि दगड एकाच डबीत ठेवा, आणि डबी कुणाला दिलीत तर चिठ्ठीसकट द्या.