उद्योजकाचे घर आणि दोन टक्क्यांचा कायदा

नागपुरात धंतोलीच्या टिळक पत्रकार भवनात एखाद्या कंपनीची पत्रकार परिषद असली, की हल्ली ‘सीएसआर’चा, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीचा, उल्लेख येतोच. शाळेला संगणक दिले, रुग्णालयाला यंत्र दिले, गावात शौचालये बांधली. यामागे 2013 च्या कंपनी कायद्याचे कलम 135 आहे. 500 कोटींची निव्वळ मालमत्ता, 1000 कोटींची उलाढाल किंवा 5 कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एक अट लागू झाली की मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले किमान 2 टक्के समाजकार्यावर खर्च करायचे. 1 एप्रिल 2014 पासून हे लागू झाले. मला हा कायदा हवासा वाटतो, कारण त्याने हजारो ठिकाणी खरोखर पैसा पोचला. पण उद्योग समाजाचे देणे लागतो हा विचार या कायद्याहून फार जुना आहे, आणि त्याचे दोन मोठे टप्पे नागपूर आणि वर्धा या शेजारच्या जिल्ह्यांत घडले. दोन्ही वेळा तो संचालक मंडळाच्या ठरावातून आला नाही. तो माणसाच्या घडणीतून आला.

धंतोलीतून लोहापुलाखालून पलीकडे गेले, की कॉटन मार्केट आणि पुढे गांधीसागर तलाव लागतो. त्या परिसरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल 1 जानेवारी 1877 रोजी सुरू झाली. जमशेटजींचे घराणे नवसारीच्या पारशी धर्मगुरूंचे. वडील नसरवानजी यांनी पिढीजात पौरोहित्य सोडून मुंबईत व्यापार मांडला आणि मुलाला एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवले. परंपरा मोडणारा बाप आणि धर्मकर्तव्य जपणारे कुळ, अशा दुहेरी वारशातून हा उद्योजक तयार झाला. एम्प्रेस मिलमध्ये 1886 मध्ये निवृत्तिवेतन निधी सुरू झाला आणि 1895 मध्ये अपघातग्रस्त कामगारांना भरपाई मिळू लागली. कामगार नुकसानभरपाईचा कायदा देशात आला 1923 मध्ये आणि भविष्यनिर्वाह निधीचा 1952 मध्ये. कायद्याच्या आधी एक पिढी, दोन पिढ्या.

मात्र हे सगळे संस्कारांच्या खात्यावर टाकले तर अर्धेच खरे ठरेल. मिल सुरू झाली त्याच 1877 मध्ये तिथे मजुरीच्या दरावरून संप झाल्याची नोंद भारतीय कामगार चळवळीच्या इतिहासात आहे. म्हणजे मालकाला घराने शिकवले तसे कामगारांनीही शिकवले. घराची देणगी एवढीच, की समोरून आलेली तक्रार ऐकून घेण्याची तयारी त्या मालकात होती. ही तयारी ज्याच्यात नसते, त्याला संपातून फक्त पोलिसांना बोलवायचे सुचते.

दुसरा टप्पा जमनालाल बजाज यांचा. सीकरजवळच्या एका साध्या घरातला हा मुलगा वर्ध्याच्या बच्छराज शेठजींकडे नातू म्हणून दत्तक आला. सतरा वर्षांचा असताना एका लग्नाला दागिने घालून जाण्यावरून आजोबांशी खटका उडाला. आजोबांनी रागाच्या भरात संपत्तीचा उच्चार केला. जमनालालनी घर सोडले आणि चिठ्ठी लिहून सगळ्या संपत्तीवरचा हक्क सोडून दिला. आजोबांनी समजूत घालून परत आणले खरे, पण त्या दिवसापासून ही दौलत आपली नव्हे, ही जाणीव त्यांच्यात पक्की बसली. गांधीजींनी विश्वस्ताची कल्पना मांडली, तेव्हा तिच्यासाठी हा तरुण आधीच तयार होता.

इथे संस्कारांविषयी एक गोष्ट ध्यानात येते. ते केवळ रक्तातून येत नाहीत, आणि बापाकडून मुलाकडे सरळ उतरतही नाहीत. डिसेंबर 1920 मध्ये नागपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. स्वागताध्यक्ष जमनालाल होते. तिथे त्यांनी गांधीजींकडे मागणे मागितले, की मला तुमचा पाचवा मुलगा माना. जन्माने एक बाप, दत्तकाने दुसरे घर आणि स्वतः निवडलेला तिसरा पिता. पुढे ‘रायबहादूर’ किताब परत केला. पत्नी जानकीदेवींनी पडदा सोडला, दागिने सोडले. 1928 मध्ये वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर जमनालालनी अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुले केले. या शेवटच्या कृतीला पैसा जवळपास लागला नाही. लागली ती आप्तेष्टांचा आणि समाजाचा रोष झेलायची तयारी. धाकटे चिरंजीव रामकृष्ण हे याच वातावरणात वाढले. 1966 मध्ये काही उद्योगपतींनी मिळून ग्राहकाशी सचोटीने वागण्यासाठी उद्योजकांचीच संघटना उभी केली, तिच्या अग्रभागी ते होते. नागपुरात कामगार, वर्ध्यात देवळाबाहेर उभा केलेला माणूस, मग ग्राहक. ज्याचे आपण देणे लागतो, त्याचे वर्तुळ असे टप्प्याटप्प्याने वाढत गेले.

तिकडे अमेरिकेत हॉवर्ड बोवेन यांनी 1953 मध्ये उद्योजकाच्या सामाजिक जबाबदारीवर पुस्तक लिहिले, तेही चर्चच्या संघटनेने हाती घेतलेल्या अभ्यासातून. त्यांचा प्रश्न व्यावसायिक माणसाला होता. 1970 मध्ये मिल्टन फ्रीडमन यांनी हरकत घेतली, की व्यवस्थापक दुसऱ्याच्या पैशाने पुण्य करतो, हे कोणत्या अधिकाराने? हरकत वजनदार होती. तिच्या पुढच्या वादात जबाबदारी माणसाकडून कंपनीकडे सरकली, आणि आपल्याकडे ती टक्केवारीच्या रूपाने कायद्यात बसली.

या प्रवासात काही निसटलेही. आजच्या नियमांत केवळ आपल्याच कर्मचाऱ्यांच्या लाभाचा खर्च सीएसआर म्हणून धरता येत नाही. नियमामागचे कारण रास्त आहे, नाहीतर कंपन्या बोनससुद्धा समाजकार्यात दाखवतील. पण त्याचा अर्थ असा, की 1886 चा एम्प्रेस मिलचा निधी आज या खात्यात बसणार नाही. मंदिर खुले करणे तर कोणत्याच रकान्यात बसणार नाही. किती द्यायचे हे कायदा सांगतो. कोणाला आपले मानायचे, हे शिकवायला त्याच्यापाशी साधन नाही.

ती शिकवण बालपणीच संपते असेही नाही. हेन्रिक क्रॉनक्विस्ट आणि फ्रँक यू या अभ्यासकांनी 2017 मध्ये दाखवले, की ज्या अमेरिकी कंपनीच्या प्रमुखाला मुलगी आहे, तिचे सामाजिक जबाबदारीचे गुणांकन सरासरी नऊ टक्क्यांनी वरचढ असते. म्हणजे मुलेही आईबापांना घडवतात. घर हे दोन्ही बाजूंनी चालणारे शिक्षण आहे.

म्हणून मला धंतोलीत आज वाढणाऱ्या मुलांची काळजी वाटते. ही वस्ती आता रुग्णालयांची झाली आहे. गल्ल्यांतल्या वाहनांचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. इथल्या डॉक्टरांची, उद्योजकांची मुले उद्या संस्था चालवतील. त्यांना देणगीचा चेक कसा लिहायचा हे कोणीही शिकवील. आपल्या दारात गाडी लागल्याने शेजारच्या म्हाताऱ्याला बाहेर पडता येत नाही, रात्रपाळीच्या सफाई कामगाराचा पीएफ कंत्राटदार भरतो की नाही, हे विचारायला मात्र घरातच शिकावे लागते. जेवणाच्या ताटावर धंद्याच्या गोष्टी निघतातच. त्यात नफ्याबरोबर या माणसांची नावे निघाली, तर मुलांच्या कानावर ती पडतील.

एम्प्रेस मिल टाटांच्या हातून राज्य महामंडळाकडे गेली आणि शेवटी बंद पडली. एका घराण्याचा चांगुलपणा गिरणीला कायमचा पुरत नाही, म्हणूनच कायदा हवा. आणि कायदा फक्त नफ्यातल्या 2 टक्क्यांपुरता बोलतो, म्हणून घर हवे. उरलेले 98 टक्के कसे कमावले, मजुरी वेळेवर दिली का, ग्राहकाला खरे सांगितले का, शेजाऱ्याचा रस्ता अडवला का, याचा जाब वार्षिक अहवालाच्या सीएसआर पानावर कोणी मागत नाही. तो जाब घरातल्या माणसांनी मागायला हवा, आणि कमावत्याने तो ऐकून घ्यायला हवा.