सेवेचा पगार घ्यावा का?



आम्ही समाजकार्याचे शिक्षण घेणारे आपल्याच धर्मग्रामातील विद्यार्थी आहोत. पुढे हेच काम करून पोट भरावे, असा आमचा विचार आहे. तो बोलून दाखविला की काही जण म्हणतात, “एवढे शिकून समाजसेवाच करायची, तर बँकेच्या परीक्षेला का बसत नाही?” तर काही म्हणतात, “सेवा करायची, मग पगार कशाला?” पहिल्या प्रश्नाने आम्ही फारसे विचलित होत नाही. दुसरा मात्र मनात सलतो. दुसऱ्याच्या दुःखावर आपली चूल पेटावी, हे योग्य आहे का?

सेवा विनामोबदला करण्याची आपल्याकडे मोठी परंपरा आहे. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम हा वीस वर्षांचा विद्यार्थी मित्रांना घेऊन गरिबांच्या घरी जाऊ लागला आणि त्यातून संत विन्सेंट डी पॉल सोसायटी उभी राहिली. तिचे सभासद आजही स्वतःच्या खिशातून वेळ आणि पैसा देतात. मग आम्हीच पगार का घ्यावा?

उत्तर आम्हांला क्षेत्रकार्यात सापडू लागले. एखाद्या विधवेला तांदळाची पिशवी देणे हे एका संध्याकाळचे काम आहे. पण तिला संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान मिळवून द्यायचे, तर पतीच्या मृत्यूचा दाखला हवा, उत्पन्नाचा दाखला हवा, रेशनकार्डावरील नाव जुळायला हवे. तहसील कार्यालयात खेपा घालाव्या लागतात आणि रविवारी कचेरी बंद असते! तांदूळ ही आपली मेहेरबानी, अनुदान हा तिचा हक्क. हक्क मिळवून देण्यास पूर्ण वेळ लागतो, शिक्षणही लागते. म्हणूनच १९३६ साली मुंबईत आजच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा पाया घातला गेला आणि १९५५ साली धर्मभगिनींनी निर्मला निकेतनचे समाजकार्य महाविद्यालय सुरू केले.

दयाळू शोमरोन्याचा दाखला आपण सर्वांनी ऐकला आहे. शोमरोन्याने जखमा बांधल्या, जखमीला उतारशाळेत नेले आणि दुसऱ्या दिवशी दोन दिनार देऊन तो पुढे गेला. त्यानंतरची शुश्रूषा कोणी केली? पैसे घेणाऱ्या उतारशाळेच्या मालकाने. प्रभूने त्याला दोष दिलेला नाही. जखमी माणसाला दोघांचीही गरज होती.

पगारात धोका आहे, हे आम्ही मान्य करतो. समोरचा माणूस हळूहळू ‘केस’ होतो, रजिस्टरमधला क्रमांक होतो. पण फुकट सेवेतही धोका आहे. देणाऱ्याला उपकाराचा अभिमान चढतो आणि घेणाऱ्याची मान खाली जाते. म्हणून खरी कसोटी पगाराची नाही. आपण मदत केलेल्या माणसाला उद्या आपली गरज कमी भासेल का, ही कसोटी आहे. ती विधवा शेजारणीला अर्ज कुठे द्यायचा हे सांगू लागली, तर आमचे काम झाले.

पगार आमच्या वेळेचा आणि कौशल्याचा असेल. आपुलकी मात्र पदरची घालावी लागेल. तिचा पगार कोणी देत नाही.

आपल्या घरातील मुलाने वा मुलीने हा मार्ग निवडायचे म्हटले, तर पालकहो, “किती मिळतील?” हे जरूर विचारा. पण त्याआधी “कोणासाठी?” हेही विचारा.