अर्जातील कोरा रकाना

वाचकहो, अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर नांदगाव पेठ नावाचे गाव आहे. एके काळी त्याच्या चहूंकडे पऱ्हाटीची शेतेच दृष्टीस पडत. आता तेथे औद्योगिक वसाहत वसली असून कापडाचे कारखाने व विजेचे मोठे केंद्र उभे आहे. ह्या गावी एका ख्रिस्ती कुटुंबात काही वर्षांमागे आमचा मुक्काम पडला होता. बाप कारखान्यात रोजाने जाई, आई निंदणाला जाई, व थोरला मुलगा नुकताच बारावीची परीक्षा चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाला होता. संध्याकाळची प्रार्थना आटोपल्यावर त्याने महाविद्यालयाच्या प्रवेशाचा अर्ज आम्हांपुढे ठेवला. सारे रकाने भरलेले होते. एक मात्र कोरा होता. तो धर्माचा.

मुलाच्या आजाने बाप्तिस्मा घेतला होता. परंतु मुलाचे नाव शाळेत घालताना जुनीच जात व जुनाच धर्म लिहिला गेला, आणि तो पुढे कोणी बदलला नाही. तोच दाखला आता पुढे केला, तर अभियांत्रिकीच्या शिक्षणाची फी शिष्यवृत्तीतून भागणार होती. 'ख्रिस्ती' असे लिहिले, तर ती शिष्यवृत्ती जाणार होती. आई चुलीपासून म्हणाली, "देव त मन पाह्यते, कागद थोडीच पाह्यते?" बाप काहीच बोलला नाही. मुलगा आमच्या तोंडाकडे पाहत राहिला. आम्हांस त्या रात्री नीट उत्तर देता आले नाही, हे आम्ही कबूल करतो. जे तेव्हा सुचले नाही, ते आज येथे लिहीत आहोत.

ज्या बंधूंस ह्या रकान्याचे वजन ठाऊक नाही, त्यांच्यासाठी प्रथम दोन शब्द लिहितो. ऑगस्ट १९५० मध्ये राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची यादी प्रसिद्ध झाली. तिच्यात अशी अट होती की, हिंदू धर्माखेरीज अन्य धर्म पाळणारा मनुष्य अनुसूचित जातीचा मानला जाणार नाही. १९५६ साली ही अट शिखांसाठी व १९९० साली बौद्धांसाठी सैल करण्यात आली. ख्रिस्ती व मुसलमान अद्याप बाहेरच आहेत. अनुसूचित जमातींस मात्र अशी अट नाही. म्हणून मेळघाटातील कोरकू बंधू ख्रिस्ती झाला तरी तेवढ्यावरून त्याचा दाखला जात नाही. नांदगाव पेठेच्या ह्या मुलाच्या चुलत्याचे घराणे बौद्ध झालेले. त्या घरच्या मुलास शिष्यवृत्ती मिळते, ह्यास मिळत नाही. दोघांचा पणजा एक, दोघांची वस्ती एक, आणि गावची विहीर पूर्वी दोन्ही घरांस सारखीच बंद होती.

हा नियम न्यायाचा आहे काय? आम्हांस तसे वाटत नाही. बाप्तिस्म्याच्या पाण्याने मनुष्याचे पाप धुतले जाते. पण शेजाऱ्याच्या मनातील विटाळ त्या पाण्याने धुतला जात नाही, हे खेड्यात राहणाऱ्यास सांगावयास नको. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, धर्मांतरानंतरही जातीच्या अडचणी तितक्याच तीव्रतेने कायम राहतात, हे पुराव्याने दाखविले पाहिजे. २०२२ साली केंद्र सरकारने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन ह्यांच्या अध्यक्षतेखाली ह्याच विषयावर आयोग नेमला. तेव्हा हा वाद उघड्या दरबारात चालणारा आहे, व त्यात आपले म्हणणे मांडणे हा आपला हक्क आहे. परंतु मुलाचा प्रश्न ह्याहून निराळा होता. कायदा अन्यायाचा असला, तर असत्य लिहून तो चुकविण्याची मोकळीक मनुष्यास आहे काय?

हा प्रश्न आजचा नव्हे. मुंबईत १८४९ साली दादोबा पांडुरंग आदिकरून काही सुशिक्षित मंडळींनी परमहंस सभा नावाची एक गुप्त सभा काढली. तिचे सभासद जातिभेद मानीत नसत. दार लावून सर्व जातींचे लोक एकत्र जेवीत, आणि बाहेर पडल्यावर आपापल्या जातीचे आचार पूर्ववत पाळीत. त्यांचा हेतू शुद्ध होता ह्यात संशय नाही. समाज तयार झाला म्हणजे प्रकट होऊ, असे त्यांनी ठरविले होते. परंतु १८६० च्या सुमारास सभासदांची यादी बाहेर फुटली, आणि सभा विरून गेली. ह्याच सभेत बेळगावचा एक तरुण विद्यार्थी होता, तो बाबा पदमनजी. त्याच्याही मनात ख्रिस्ताविषयीचा विश्वास पुष्कळ दिवस आतल्या आत होता. आईबापांची माया व लोकांचे भय ह्यांनी तो अडला होता. शेवटी १८५४ साली बेळगावास त्याने उघडपणे बाप्तिस्मा घेतला. त्याच्या वाट्यास दुःख आले; पण पुढे जन्मभर मराठीत लिहिताना त्याची लेखणी भ्याली नाही. जुन्या सभेतल्याही काही थोर पुरुषांनी १८६७ साली प्रार्थना समाज उघडपणे स्थापिला, तेव्हाच त्यांच्या विचारांस बळ आले. दार लावून पाळलेले सत्य खोटे नसते. पण त्यास मुले होत नाहीत.

येथे कोणी शास्त्राचा आधार काढील. नामान सरदाराने अलीशा संदेष्ट्यास सांगितले होते की, राजा माझ्या हातावर टेकून रिम्मोनाच्या देवळात जातो तेव्हा मलाही नमावे लागेल; आणि संदेष्ट्याने त्याला शांतीने निरोप दिला. मग ह्या मुलासच एवढी सक्ती का? हा आक्षेप हलका नाही. परंतु नामानाने काय केले ते नीट पाहा. त्याने आपली अडचण लपविली नाही, आणि तिला योग्यही म्हटले नाही. ती उघड सांगून क्षमा मागितली. म्हणून जो कोणी पोटाच्या भयाने डगमगला असेल, त्याला मंडळीने दगड मारू नये. परंतु डगमगण्याला धर्माची रीतही म्हणू नये.

दानिएलाचे उदाहरण तर कॉलेजात जाणाऱ्या तरुणासाठीच लिहिलेले वाटते. परक्या राजाच्या खर्चाने तीन वर्षे परकी भाषा व परकी विद्या शिकण्यास त्याला नेले. त्याचे नावही बदलून बेलटशस्सर ठेवले; त्याने त्यावर भांडण केले नाही. विद्या घेतली, नाव सोसले. राजाच्या ताटातील अन्न मात्र नाकारले, आणि तेही उद्धटपणे नव्हे, तर कारभाऱ्यास विनंती करून, दहा दिवसांची परीक्षा मागून. ह्यावरून आम्हांस असे दिसते की, दुसऱ्याने आपणांस काय नाव दिले ह्याचा दोष आपल्यावर नाही. आपण स्वतः कशास हो म्हणतो, ह्याचा आहे. लहानपणी कोणी दाखल्यावर जुना धर्म लिहिला, त्यात मुलाचा अपराध नव्हता. पण अठराव्या वर्षी लेखणी त्याच्या हातात होती, आणि अर्जाच्या शेवटी 'वरील मजकूर खरा आहे' ह्या वाक्याखाली सही त्याची होती.

आणखी एक गोष्ट आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुदुच्चेरीकडील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, जो प्रत्यक्षात ख्रिस्ती आचार पाळतो, त्याने केवळ सवलतीसाठी हिंदू म्हणवून घेणे हे संविधानाशी कपट होय. हा निर्णय कोणास कठोर वाटेल. पण आपल्याच गाऱ्हाण्याचा विचार करा. ख्रिस्ती झालेल्या गरिबाची दैना होते, हे आयोगापुढे सांगावयाचे. आणि कागदोपत्री तर तो ख्रिस्ती कोठेच नाही! लपलेल्याची गणती होत नाही, आणि ज्याची गणती नाही त्याच्या गाऱ्हाण्यास वजन नाही. आपण एका घराची फी वाचवितो, आणि शंभर घरांची साक्ष बुडवितो.

इतके असूनही धर्माचा निकाल ह्या एका रकान्यात लागतो असे आम्ही म्हणत नाही. अर्ज वर्षातून एकदा भरावयाचा. कॉलेज मात्र रोजचे आहे. मित्र म्हणतो, माझ्या हजेरीची सही तू कर. परीक्षेत मागच्या बाकावरून कागद सरकतो. वसतिगृहात रात्री गुडघे टेकावयाचे तर खोलीतील इतर तिघे पाहतात. गणपतीच्या दिवसांत वर्गणी मागतात, प्रसाद पुढे करतात. तेव्हा तोंड न फिरविता, मित्राचा अपमान न करता आपली अडचण गोड शब्दांनी सांगावी लागते. कोणी थट्टेने विचारतो, तुझ्या बापाला ख्रिस्ती होण्याचे किती पैसे मिळाले? जो अशा लहान प्रसंगी खरा राहतो, त्याला अर्जाचा रकाना जड जात नाही. आणि जो रकान्यात 'ख्रिस्ती' लिहून मित्राच्या नावाची खोटी सही करतो, त्याच्या त्या एका शब्दाने ख्रिस्ताचा मान वाढत नाही.

आता प्रचारक बंधूंनो, आपल्यासाठी. अमरावतीच्या विद्यापीठास संत गाडगेबाबांचे नाव आहे. ते गावात शिरत ते हातात झाडू घेऊन. आधी गाव झाडीत, मग रात्री कीर्तन करीत. आपणही उपदेशापूर्वी आपले अंगण झाडावे. त्या रात्री आम्ही त्या मुलास सत्याचा उपदेश करण्यास तयार होतो. पण सत्याची किंमत कोण देणार, हे विचारले नव्हते. ती सारी किंमत एका मजुराच्या पोरावर टाकून आपण स्तोत्रे गात घरी जाणे, हे देखील एक प्रकारचे असत्यच आहे. ख्रिस्ती म्हणून उघडपणे कोणते साहाय्य मिळू शकते, हे पाळकाने स्वतः महाविद्यालयात व सरकारी कचेरीत जाऊन विचारावे. दाखल्यावरील नोंद मूल लहान असतानाच दुरुस्त करून घ्यावी, म्हणजे बारावीच्या वर्षी त्याच्यावर असा घाला पडणार नाही. आणि प्रत्येक मंडळीने पीक घरी येताच विद्यार्थ्यांसाठी वेगळी थैली ठेवावी.

त्या मुलाने पुढे काय केले? दोन दिवसांनी त्याने रकान्यात 'ख्रिस्ती' असे लिहिले. अभियांत्रिकीचा बेत सोडला, अमरावतीस विज्ञानाच्या वर्गात नाव घातले, आणि पहिले वर्ष रोज गावाहून बसने ये-जा केली. मंडळीने वर्गणी केली, ती अर्ध्या फीस पुरली. उरलेली बापाने उसनवार करून भरली. तो आता नोकरीस आहे. अभियंता झाला नाही, ह्याची खंत आईच्या बोलण्यात अजून येते, आणि ती ऐकताना आमची मान खाली जाते. त्याने जे सोडले ते खरोखर मोलाचे होते. ते सोडावे लागले, ह्यात आमचाही वाटा आहे.

ह्या वर्षीही निकाल लागतील, आणि कोठे तरी कंदिलाखाली किंवा दिव्याखाली एक अर्ज उघडला जाईल. त्या घरी जाताना, बंधूंनो, पवित्र शास्त्राबरोबर मंडळीची थैलीही घेऊन जा.