झाडाचा मुतवल्ली कोण?

शहरातल्या झाडांसाठी निधी मागणे हे वरवर पाहता महापालिकेचे कारकुनी काम. प्रस्ताव, अंदाजपत्रक, मंजुरी, उपयोगिता प्रमाणपत्र. पण अमरावती आणि अकोला या आपल्या दोन शहरांचे गेल्या काही वर्षांतले प्रयत्न पाहताना मला त्यात दानधर्माचा एक जुना प्रश्न दिसू लागला आहे. एकदा देऊन मोकळे होणे आणि दिलेले सांभाळत राहणे, यांतली नेकी कोणती?

2019 साली केंद्र सरकारने राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा हवा मर्यादेबाहेर मलिन असलेल्या शहरांच्या यादीत ही दोन्ही शहरे होती. त्याआधी 2015 च्या अमृत योजनेतही उद्यानांसाठी थोडा वाटा राखलेला होता. अमरावतीने तर 2023 आणि 2025 च्या स्वच्छ वायु सर्वेक्षणात तीन ते दहा लाख वस्तीच्या शहरांमध्ये देशात पहिला क्रमांक मिळवला; 2025 ला 75 लाखांचे बक्षीसही. कौतुक करावे असेच हे आहे. अकोल्याची गोष्ट उन्हाची. मे 2024 मध्ये तिथे उष्णतेमुळे जिल्हाधिकाऱ्यांनी 144 कलम लावले. हे कलम आपल्या मोहल्ल्यांना वेगळ्याच कारणांनी ठाऊक आहे. उन्हासाठीही ते लावावे लागते, हे नवीन होते. तेव्हा झाडांची गरज कुणाला पटवून द्यावी अशी राहिलेली नाही. अडचण पुढे आहे.

सरकारी निधीला बहुधा एकदाच होणारे काम आवडते. खड्डा खोदला, रोप लावले, जाळी बसवली, फोटो काढला, आकडा भरला. जून 2022 मध्ये अमरावती-अकोला मार्गावर 75 किलोमीटरचे डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत झाले आणि त्याची गिनीजमध्ये नोंद झाली. असे काम निधीच्या स्वभावाला मानवते: सुरुवात आहे, शेवट आहे, मोजमाप आहे. कडुनिंबाचे तसे नसते. त्याला पहिली तीन-चार वर्षे पाणी लागते, आळे करावे लागते, शेळ्यांपासून राखावे लागते. मोठा झाला की विजेच्या तारांसाठी त्याची छाटणी नीट जाणकाराच्या हातून व्हावी लागते, नाहीतर एका बाजूने तोडलेले झाड पहिल्याच वादळात कलंडते. यातला बराचसा खर्च माळ्याच्या पगाराचा आणि टँकरच्या पाण्याचा. नेमका हाच खर्च बहुतेक योजना स्थानिक संस्थेवर सोडून देतात, आणि स्थानिक संस्थेची तिजोरी आपल्याला माहीत आहे. राज्याने 2019 च्या पावसाळ्यात 33 कोटी वृक्षलागवडीचा संकल्प केला. पुढे 2021 मध्ये त्याच्या चौकशीसाठी आमदारांची समिती जाहीर झाली. वाद रंगला तो लावलेल्या आणि जगलेल्या झाडांच्या आकड्यांवर. पाणी कोणी घालायचे होते, यावर फारसे कुणी बोलले नाही.

आता आपल्याकडे वळू. वृक्षारोपणाच्या कार्यक्रमात आपले वक्ते दोन हदीस हमखास सांगतात. एक, माणसाने लावलेल्या झाडाचे कुणी माणूस, पक्षी किंवा जनावर खाईल तर तो लावणाऱ्याचा सदका ठरतो. दुसरी, कयामत येऊन ठेपली आणि हातात रोप असेल तर तेही लावून टाकावे. दोन्ही सुंदर आहेत. पण त्या एका दमात सांगताना आपण एक गफलत करतो. दुसऱ्या हदीसमध्ये रोपाला उद्या नाही. तिथे पाणी घालायला वेळच उरलेला नाही, म्हणून नीयत हेच सर्व काही. आपल्या रोपाला मात्र उद्या आहे, आणि तो एप्रिल-मे महिन्यातला आहे. ज्याला उद्या आहे त्याला सोडून जाणाऱ्याने नीयतीचा आधार घेऊ नये. आणि पहिल्या हदीसमध्ये तर कुणीतरी खाणे ही अटच आहे. जगलेच नाही, फळले नाही, चिमणीही बसली नाही, तर सदका कशाचा? तिसरी एक हदीस आहे, ती या कार्यक्रमांत मी क्वचितच ऐकली: अल्लाहला सर्वांत प्रिय अमल तो, जो थोडा असला तरी नेमाने केला जातो. रोज एक बादली पाणी, एवढाच त्याचा अर्थ मी इथे घेतो.

याहून स्पष्ट उत्तर आपल्या फिकहमध्ये वक्फच्या प्रकरणात आहे. हजरत उमर यांना खैबरला जमीन मिळाली. तिचे काय करावे, असे विचारल्यावर प्रेषितांनी सांगितले की मूळ राखून ठेव आणि उत्पन्न दान कर. ती जमीन विकायची नाही, बक्षीस द्यायची नाही, वारसाने वाटायची नाही असे ठरले. आणि त्यातच ही सवलतही होती की जो तिची व्यवस्था पाहील त्याने रीतीप्रमाणे तिच्यातून खाल्ले तर दोष नाही. म्हणजे राखणाऱ्याचे पोट हा दानाचाच भाग मानला गेला. हनफी फकीहांनी पुढे नियम घालून दिला: वक्फच्या उत्पन्नातून पहिला खर्च त्याच्या देखभालीचा, मग हक्कदारांचा. वाकिफने अट लिहिली असो वा नसो. हा क्रम आजच्या अंदाजपत्रकांनी उलटा केला आहे. देखभाल शेवटी, उरले तर. वक्फच्या जमिनींचे आपण स्वतः काय केले, तो विषय काढला तर हा लेख दुसरीकडेच जाईल. नियम चांगला असूनही मुतवल्ली खोटा निघतो, एवढे मान्य करून पुढे जाऊ.

बाहेरचे उदाहरण हवे असेल तर अमेरिकेत 2022 च्या एका कायद्याने शहरांतल्या झाडांसाठी दीड अब्ज डॉलर ठेवले गेले, आणि झाडे कमी असलेल्या गरीब वस्त्यांना त्यात प्राधान्य होते. 2025 मध्ये सत्ता बदलल्यावर त्यातली काही अनुदाने मध्येच थांबली. अनुदान देणाऱ्याच्या मर्जीवर असते. वक्फ एकदा झाला की देणाऱ्याचाही त्याच्यावर ताबा राहत नाही. झाडाला दुसऱ्या प्रकारचा पैसा हवा.

तसा पैसा आपल्याकडे अजिबातच नाही, असे नाही. 1975 च्या राज्याच्या कायद्याने शहरांना वृक्ष प्राधिकरण दिले, दर पाच वर्षांनी वृक्षगणना सांगितली आणि वृक्षकर बसवण्याची मुभा दिली. 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा मानले, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी झाडे लावून ती सात वर्षे सांभाळण्याची जबाबदारी टाकली. मालमत्ता कराच्या बिलावर वृक्षकराची ओळ असते. ती रक्कम लहान असते, म्हणून आपण ती वाचत नाही. पण दरवर्षी येणारा, कुणाच्या मर्जीवर नसलेला पैसा तोच. चांदनी चौकातला सायकल दुरुस्तीवालाही घर असेल तर तो भरतो, आणि कॅम्पातला डॉक्टरही. सावली मात्र कॅम्पात. जुन्या मोहल्ल्यांत गल्ली इतकी अरुंद की रोपाला जागा कब्रस्तानात, शाळेच्या आवारात किंवा मशिदीच्या कोपऱ्यात.

म्हणून काहीजण म्हणतात, महापालिकेच्या तोंडाकडे कशाला पाहायचे, आपले आपण लावू. मला हे अर्धेच पटते. कब्रस्तानातले निंब आपण राखावेत, त्यांच्या पाण्यासाठी कमिटीने वेगळे पैसे बाजूला काढावेत, माळ्याला महिना द्यावा आणि त्याला खैरात समजू नये. पण स्वतःची सोय केली म्हणून हक्क सोडून देणे हा सब्र नव्हे. रस्त्यावरच्या झाडाचा मुतवल्ली महापालिका आहे. मुतवल्लीला हिशेब विचारणे हा आपल्या शरीअतनेही दिलेला अधिकार आहे, आणि तो विचारायला फार विद्वत्ता लागत नाही. यंदाच्या वृक्षकरातून आमच्या प्रभागात किती खर्च झाला, किती माळी कामावर आहेत, मे महिन्यात टँकर कोणत्या गल्लीपर्यंत येतो. पुढचा प्रस्ताव दिल्लीला किंवा मुंबईला जाईल तेव्हा त्याला हाच कागद जोडला, तरी रोपांच्या संख्येपेक्षा अधिक काही त्यात सांगितलेले असेल.