उरलेले आणि जगलेले

जे उरते त्यावरून जे होऊन गेले त्याचे मोजमाप करता येते, अशी एक श्रद्धा सर्व इतिहासलेखनाच्या, आणि म्हणून वाङ्मयेतिहासाच्याही, मुळाशी असते. ही श्रद्धा सहसा तपासली जात नाही. ती तपासायची तर उरलेल्याच्या पलीकडे जावे लागते, आणि तेथे जाण्याची वाट पुन्हा उरलेल्यातूनच जाते. ह्या अडचणीला उघडपणे सामोरे गेलेली एक ज्ञानशाखा म्हणजे पुरासमुद्रविज्ञान. समुद्रतळाच्या गाळात नळी खुपसून काढलेल्या स्तंभावरून, म्हणजे 'कोअर'वरून, सहस्रावधी वर्षांपूर्वी समुद्रात जीवन किती विपुल होते हे ती ठरवू पाहते. ह्या प्रयत्नात जो वाद झाला, त्यात समीक्षेला आपलाच एक नैतिक प्रश्न ओळखता यावा.

राहुरी तालुक्यातील देवळाली प्रवरा ह्या गावाने जिचे नाव धारण केले आहे ती प्रवरा सह्याद्रीत रतनगडाच्या परिसरात उगम पावते आणि अकोले, संगमनेर, नेवासे ही स्थळे मागे टाकून टोक्याजवळ गोदावरीस मिळते. तिचा गाळ गोदावरीबरोबर बंगालच्या उपसागरात जातो. राष्ट्रीय गॅस हायड्रेट कार्यक्रमाच्या २००६ मधील मोहिमेत गोदावरीच्या मुखासमोर बाराशे मीटरहून अधिक खोलीवरून असा एक कोअर काढण्यात आला. त्यातील पानांवरच्या मेणाच्या अंशांचा अभ्यास कामिलो पाँटन, लिव्हियू जिओसान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. सुमारे ४००० वर्षांपूर्वीपासून, आणि पुन्हा सुमारे १७०० वर्षांपूर्वीनंतर, गोदावरीच्या खोऱ्यात कोरड्या हवेत तगणाऱ्या वनस्पती वाढत गेल्या, असे त्यातून दिसले. २०१७ मधील पुढच्या अभ्यासाने दख्खनच्या काळ्या खडकातून आलेल्या गाळाचा वाटाही उत्तरोत्तर वाढल्याचे दाखविले. प्रवरेकाठच्या जोर्वे आणि दायमाबाद येथील ताम्रपाषाणयुगीन वसाहती ह्याच कालखंडातल्या. त्यांच्या शिवारातली माती त्या स्तंभात असणारच. परंतु कोणता कण प्रवरेचा आणि कोणता मांजरेचा हे तो स्तंभ सांगत नाही. तो साऱ्या खोऱ्याच्या वतीने बोलतो, आणि एकेका गावाचा आवाज त्यात विरून गेलेला असतो.

'वतीने' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. जे मोजायचे ते नाहीसे झालेले असते, तेव्हा त्याच्या वतीने हजर असलेले दुसरे काही मोजावे लागते. वैज्ञानिक ह्याला 'प्रॉक्सी' म्हणतात. मराठीच्या व्यवहारात ह्या नात्याला 'मुखत्यार' हा शब्द आहे. स्तंभातून जमिनीचे जीवन वाचायचे तर पानावरचे मेण मुखत्यार होते. समुद्राचे स्वतःचे जीवन वाचायचे तर मुखत्यार वेगळे: सेंद्रिय कार्बन, डायाटम ह्या सूक्ष्म वनस्पतींची सिकतामय कवचे, बेरियमचे प्रमाण, फोरॅमिनिफेरांच्या विशिष्ट जाती. पृष्ठभागावरील वनस्पतिप्लवक जेवढे सेंद्रिय द्रव्य निर्माण करतात त्याचा शंभरावा भागही तळाच्या गाळात कायमचा गाडला जात नाही. बाकीचे वाटेतच खाल्ले जाते, कुजते, विरघळते. शिवाय प्रत्येक मुखत्याराची स्वतःची एक दुर्बलता असते. डायाटमची कवचे समुद्राच्या पाण्यात विरघळतात. चुन्याची कवचे फार खोलीवर टिकत नाहीत. ऑक्सिजन मुबलक असेल तेथे सेंद्रिय कार्बन लवकर नष्ट होतो, आणि ऑक्सिजन संपून गाळातील सल्फेटही खर्ची पडते तेथे बेरियमचे खनिज विरघळू लागते. एकाला जे तारते तेच दुसऱ्याला मारते.

अरबी समुद्राविषयीचा वाद ह्या ठिकाणी उभा राहतो. भारताच्या पश्चिम किनाऱ्यासमोर खंडान्त उतारावरच्या गाळात सेंद्रिय कार्बन विपुल सापडतो. ह्या समुद्रात साधारण दीडशे ते बाराशे मीटर खोलीच्या दरम्यान ऑक्सिजन अत्यल्प असलेला एक पट्टा आहे. १९९२ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील पारोपकरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे प्रतिपादन केले की, हा कार्बन तेथे विपुल आहे तो मुख्यतः टिकून राहिला म्हणून. पेडरसन आणि कॅल्व्हर्ट ह्यांनी १९९० मध्येच ह्याच्या विरुद्ध भूमिका घेतली होती: निर्णायक असते ती वरच्या पाण्यातील उत्पादकता, ऑक्सिजनचा अभाव नव्हे. पुढे ह्या उताराच्याही बाबतीत कॅल्व्हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑक्सिजनच्या अभावावर भिस्त ठेवणारे स्पष्टीकरण अमान्य केले. वादाचा तपशील भूरसायनशास्त्राचा असला तरी त्याचा गाभा ज्ञानमीमांसेचा आहे. गाळात भरपूर सापडते ते भरपूर जगले म्हणून, की कमी नष्ट झाले म्हणून? केवळ सापडलेल्याकडे पाहून ह्याचे उत्तर देता येत नाही.

ह्याला आणखी एक विरोधाभास जोडलेला आहे. ज्या तळावर प्राणवायू असतो तेथे कृमी-कीटक गाळ उकरतात, वरचा थर खाली आणि खालचा वर करतात, आणि वर्षावर्षांच्या खुणा एकमेकींत मिसळून जातात. जेथे तळाशी श्वास घेणारे काही नाही तेथेच बारीक थर, पोथीच्या पानांसारखे, एकावर एक अबाधित राहतात. म्हणजे अभ्यासकाला सर्वांत सुवाच्य असलेली नोंद ही तळाच्या निर्जीवतेची देणगी असते.

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला हे चित्र अनोळखी वाटू नये. महानुभावांचे ग्रंथ शतकानुशतके सांकेतिक लिपीत, मठांच्या आत बंद राहिले आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभी राजवाडे, भावे ह्यांच्या प्रयत्नांनी बाहेरच्या अभ्यासकांपुढे आले. मराठी गद्याच्या प्रारंभकाळाविषयी जे सांगितले जाते त्याचा मोठा भाग ह्या बंदिस्तपणाच्या ऋणात आहे. उलट प्रवरेकाठी नेवासे येथे शके १२१२ मध्ये सिद्ध झालेली ज्ञानेश्वरी लोकांच्या तोंडी आणि हाती फिरत राहिली, आणि शके १५०६ मध्ये एकनाथांना तिचा पाठ शुद्ध करण्याची गरज वाटली. पाठ बिघडला होता तो ग्रंथ वापरात होता म्हणून. भ्रष्ट पाठ हा येथे जिवंतपणाचा पुरावा ठरतो. तिसरे उदाहरण जात्यावरच्या ओव्यांचे. गी पॉइटविन आणि हेमा राईरकर ह्यांच्या पुढाकाराने गावोगावच्या स्त्रियांकडून लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. पिठाच्या गिरण्या आल्यावर जाते थांबले, आणि जात्याबरोबर गाणेही. हे संकलन झाले नसते तर वाङ्मयेतिहासाच्या स्तंभात त्या जागी जवळजवळ कोरा थर आढळला असता आणि त्यावरून अनुत्पादकतेचे अनुमान निघाले असते.

मात्र साम्य येथवरच ताणता येते. समुद्रात जे नष्ट होते त्याचा दोष कोणावर येत नाही. ऑक्सिजनला हेतू नसतो. समाजात काय लिहिले जावे, कोणाला अक्षर यावे, कोणती पोथी नकलून घेण्याजोगी आहे, हे कोणीतरी ठरविलेले असते. तेथे टिकण्याच्या परिस्थितीला कर्ते असतात, आणि 'ज्यांचे काही उरले नाही त्यांनी काही निर्मिले नाही' हे विधान चुकीच्या अनुमानापाशी थांबत नाही. ज्याने टिकू दिले नाही त्याच्या कृत्यावर ते दुसऱ्यांदा शिक्का मारते. अक्षरापासून दूर ठेवलेल्या जातींना आणि स्त्रियांना परंपरा नव्हती असे म्हणणारी समीक्षा नेमकी हीच कृती करते.

ह्याच्या उलट टोकाची चूकही तितकीच खरी आहे. काही उरले नाही ह्याचा अर्थ तेथे थोर काही हरवले असाच होतो, असे मानणे म्हणजे कोऱ्या थरावर आपल्या इच्छेचा मजकूर लिहिणे होय. हे हरवलेल्यांच्या बाजूने बोलल्यासारखे दिसते. वस्तुतः त्यांच्या नावावर परक्याची सही केली जाते. मुखत्यारपत्राचा असा गैरवापर सद्हेतूने झाला तरी गैरवापरच राहतो.

पुरासमुद्रविज्ञानाने ह्या दोन चुकांमधून काढलेली वाट साधी आहे. ज्यांची दुर्बलता एकच नाही असे अनेक मुखत्यार एकाच थरात तपासायचे. ते एकमत झाले तर अनुमानाला बळ येते. त्यांच्यात मतभेद झाला तर तो मतभेदच टिकण्याच्या परिस्थितीविषयी साक्ष देतो. दुसरे असे की, पडलेले वाचण्यापूर्वी पडताना पाहायचे. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि हॅम्बुर्ग विद्यापीठ ह्यांनी १९८६ पासून अरबी समुद्रात खोलवर सापळे टांगून वरून झरणारे कण झेलले. पावसाळी वाऱ्यांबरोबर हा वर्षाव वाढतो हे १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. जात्यापाशी बसून ओवी टिपून घेणे हे ह्याच जातीचे काम आहे. वाङ्मयाच्या अभ्यासात त्याला अजून बहुधा पूर्वतयारीचे, दुय्यम काम समजले जाते. अनुमानाची वैधता मात्र त्यावरच उभी असते.

प्रवरेवर भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. तिच्या संगमापर्यंत पाणी पसरलेले जायकवाडीचे १९७६ मध्ये. आता ह्या खोऱ्यातील पुष्कळ माती समुद्रापर्यंत न जाता जलाशयांत बसते. दूरच्या काळी कोणी गोदावरीच्या मुखासमोर पुन्हा कोअर काढला, तर ह्या शतकांच्या थरात वरच्या खोऱ्याचा वाटा घटलेला दिसेल. तेथे पाऊस आटला किंवा नांगर थांबला असे अनुमान तो काढू शकेल, आणि ते खोटे असेल, कारण देवळालीच्या शिवारात पीक उभे होते. त्याला सावध करण्याचे साधन त्या थराच्या बाहेर, भिंतींमागे साचलेल्या गाळात असेल. थर वाचणाऱ्याने भिंतीची चौकशी आधी करावी, एवढीच अपेक्षा त्याच्याकडून ठेवता येते. वाङ्मयाचा इतिहास लिहिणाऱ्याकडून ती अधिक कठोरपणे ठेवली पाहिजे, कारण त्याच्या क्षेत्रातील भिंती बांधणाऱ्यांत त्याचे पूर्वसूरीही असतात.